बारावीच्या निकालाआधी उरकायची कामं

'निकाल लागू दे, मग बघू.' मुंबईत ज्या घरात बारावीचं मूल आहे, तिथे हे वाक्य वर्षभर ऐकू येतं. तोवर बऱ्याच वाटा बंद झालेल्या असतात. २०२५ चंच उदाहरण घ्या. राज्य मंडळाचा निकाल ५ मे रोजी लागला. त्याआधी एप्रिलमध्ये अभियांत्रिकी वगैरेंसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेची, एमएचटी-सीईटीची, सत्रं झाली होती, पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी झाली होती आणि वैद्यकीय प्रवेशाची नीट ४ मे रोजी उरकली होती. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट तर आदल्या वर्षी १ डिसेंबरलाच होऊन गेली होती. या सगळ्यांचे अर्ज कित्येक आठवडे आधी भरावे लागतात. निकालानंतर निवांतपणे अर्ज करण्याजोगं जे उरतं ते मुख्यतः साधं बीए, बीकॉम, बीएस्सी. तिथेही साधारण तीन आठवड्यांत पहिली गुणवत्ता यादी लागते.

म्हणून ही कामं दिवाळीच्या सुट्टीपासून सुरू करावीत. त्यात अभ्यासाचा वेळ फारसा जात नाही. बहुतेक कामं आईवडिलांनीच करायची आहेत.

आधी कागद, मग कॉलेज

सर्वांत जास्त वेळ खातं ते जात वैधता प्रमाणपत्र. गुणांमुळे हुकलेल्या जागेची हळहळ सगळे करतात, पण वैधता वेळेत न आल्यामुळे गेलेल्या जागाही दरवर्षी असतातच. जात प्रमाणपत्र आणि वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळतं आणि त्याची पडताळणी जिल्हा जात पडताळणी समिती करते (अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती असते). व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव प्रवर्गातून प्रवेश हवा असेल तर दोन्ही लागतात.

मुंबईकरांची अडचण वेगळीच असते. जातीचा पुरावा ठरलेल्या तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या काळात आजोबा परळच्या गिरणीत होते की कणकवलीजवळच्या गावात, यावर तुमचं कार्यालय ठरतं. कुटुंबाचं मूळ वास्तव्य सिंधुदुर्गातलं असेल तर प्रमाणपत्र तिथल्या प्रांताकडून आणि वैधता त्याच जिल्ह्याच्या समितीकडून. वांद्र्याच्या किंवा फोर्टच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चपला झिजवून उपयोग नाही. गावी गेलात की आजोबांच्या प्राथमिक शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा घ्या, नाहीतर तहसिलीतून जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ ची नक्कल मागा. जुन्या रजिस्टरची पानं फाटलेली असतात, आडनावाच्या जागी नुसतं गावाचं नाव असतं, कधी जातीचा रकानाच कोरा असतो. म्हणून एका कागदावर विसंबू नये. चुलत आजोबा, आत्या यांचेही उतारे काढून ठेवावेत आणि सोबत वंशावळ जोडावी. सख्ख्या भावाबहिणीला किंवा वडिलांकडच्या जवळच्या नात्यात कुणाला आधीच वैधता मिळाली असेल, तर तो सर्वांत भक्कम पुरावा.

वैधतेचा अर्ज ऑनलाइन भरतात. नमुना ३ आणि नमुना १७ ही शपथपत्रं लागतात, शिवाय कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या सहीचं १५-अ हे पत्र. हे पत्र कॉलेज सुरू असताना सहज मिळतं. मार्चनंतर प्राचार्य परीक्षेच्या कामात आणि कारकून रजेवर.

नॉन-क्रीमी लेयरचा, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्राचा, घोटाळा वेगळा. या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेशासाठी ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. दिवाळीत घाईने काढलेलं प्रमाणपत्र जूनमध्ये बाद ठरू शकतं. त्यावर 'वैध' म्हणून कोणती तारीख छापली आहे ती वाचा. ती अपुरी असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा अर्ज टाका. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) या सगळ्यांना ते लागतं; अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. आणखी एक खाचखळगा म्हणजे नमुना. राज्याच्या प्रवेशासाठीचा ओबीसीचा कागद आणि नीट, जेईईच्या अखिल भारतीय जागांसाठीचा केंद्राच्या नमुन्यातला कागद वेगळे असतात. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचंही तसंच. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर दोन्ही नमुने काढा.

अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतो. या दाखल्यांना कागदोपत्री पंधरा दिवस ते तीन आठवडे धरतात. जूनमध्ये अख्खी मुंबई एकाच वेळी रांगेत असते, तेव्हा हे गणित कोलमडतं. जानेवारीत तीच कामं मुकाट होतात.

नावातली एक वेलांटी

सगळ्या अर्जांत नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच लिहायचं. आपल्या मंडळाच्या कागदांवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव स्वतंत्र ओळीत. आधारवर क्रम उलटा असतो. क्रमाचा फरक सहसा चालून जातो, स्पेलिंगचा चालत नाही. दहावीच्या कागदावर एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्या स्पेलिंगने नाव असेल तर आधार बदलून घ्या. गुणपत्रिका बदलण्यापेक्षा ते दहापट सोपं आहे.

बोर्डाचा परीक्षा अर्ज भरल्यावर कॉलेजकडे प्री-लिस्ट येते आणि मुलांना त्यावर सही करायला सांगतात. मुलं गप्पा मारता मारता सही करतात. त्या यादीत नाव, आईचं नाव, प्रवर्ग, माध्यम आणि विषयांचे सांकेतांक असतात. गणिताचाच घोळ पाहा: विज्ञान आणि कला शाखेचं गणित ४०, वाणिज्य शाखेचं ८८. चुकीचा आकडा तसाच राहिला तर तो हॉल तिकिटावर दिसतो आणि मग दुरुस्तीसाठी वाशीच्या विभागीय मंडळापर्यंत धावाधाव.

शाळा सोडल्याच्या दाखल्याचंही तसंच. कॉलेजच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थळ, जात, आईचं नाव काय लिहिलंय ते दाखला काढण्याआधी एकदा पाहून घ्या. विद्यार्थी पटावर असेपर्यंत पुराव्यानिशी दुरुस्ती होऊ शकते. दाखला हातात पडला की ती नोंद सहजी बदलत नाही. मूळ दाखला जिथे प्रवेश पक्का करायचा तिथेच द्यायचा. त्याआधी तो स्कॅन करून चार-पाच प्रती काढून ठेवायच्या. त्याच संस्थेच्या पदवी महाविद्यालयात पुढे जाणार असाल तर दाखला काढायची घाईच नको.

कुठला अर्ज कधी

आधी नोव्हेंबर-डिसेंबरात हातातून निसटणाऱ्या गोष्टी पाहू. डिझाइनकडे जायचं असेल तर आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड जानेवारीत असते आणि तिची नोंदणी त्याआधीच्या शरदात. पवईतल्या या संस्थेत बी.डेस. ही डिझाइनची पदवी आहे हेच अनेक मुंबईकर घरांना माहीत नसतं. वास्तुकलेसाठी नाटा किंवा जेईईचा दुसरा पेपर. चित्रकलेच्या पदवीला राज्याची वेगळी सीईटी आहे, आणि तिचा सराव महिनाभरात होत नाही. दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेसाठी राष्ट्रीय पातळीवरची एनसीएचएम-जेईई. जहाजावर जायचं असेल तर आयएमयू-सीईटी; डेक कॅडेटच्या डीएनएस अभ्यासक्रमाला बारावीत भौतिक, रसायन, गणित मिळून ६० टक्के आणि दहावीत किंवा बारावीत इंग्रजीला ५० टक्के लागतात. इथे परीक्षेआधी डोळे तपासून घ्या. रंगांधळेपण निघालं तर डेकचा विचार सोडावा लागतो, आणि ते फी भरल्यावर कळणं फार महाग पडतं. संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे का हेही तपासावं. 'जहाजावर नोकरीची हमी' देणाऱ्यांचे फलक मुंबईच्या स्टेशनांबाहेर काही कमी नाहीत.

वाणिज्य शाखेच्या मुलांनी सीए फाउंडेशनचं वेळापत्रक उलटं मोजावं. परीक्षा वर्षातून तीनदा होते आणि नोंदणी चार महिने आधी हवी: सप्टेंबरच्या परीक्षेसाठी १ मेपर्यंत, म्हणजे बारावीचा निकाल यायच्या आत. तात्पुरती नोंदणी दहावीच्या आधारावर होते, त्यामुळे अडत काही नाही. चार पेपर, प्रत्येकात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के. तिसऱ्या आणि चौथ्या पेपरात चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.

बीएमएस, बीबीए, बीसीएची गोष्ट मुंबईत अजून पुरती झिरपलेली नाही. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत आले आणि त्यांना राज्याची सीईटी लागू झाली. त्यावर अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून 'बीकॉम इन मॅनेजमेंट स्टडीज' वगैरे केलं. त्याला सीईटी लागत नाही. त्यामुळे 'माझ्या ताईला बारावीच्या टक्क्यांवर बीएमएस मिळालं होतं' हा हिशेब आता धरू नका. हव्या असलेल्या कॉलेजात नेमकं काय नाव आहे ते बघा, आणि शंका असेल तर सीईटीचा अर्ज भरून टाका. फी वाया गेली तरी चालेल, वर्ष जाता कामा नये.

सीईटी आणि कॅप: इथे थोडं सावकाश

एमएचटी-सीईटी २०० गुणांची, तीन तासांची. पीसीएम गटात भौतिक आणि रसायनाचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. अकरावीचा भाग सुमारे २० टक्के, बारावीचा ८०. चुकीला वजाबाकी नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडणं हा निव्वळ तोटा. नीटमध्ये नेमकं उलट: १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला चार आणि चुकीला एक वजा. दोन्ही देणारी मुलं एका परीक्षेची सवय दुसरीकडे नेतात, आणि मुलांना ते सांगायलाच कुणी नसतं.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. तुमच्याइतके किंवा कमी गुण मिळवणारे शंभरात नव्वद आहेत, इतकंच. आणि सीईटी कितीही चांगली गेली तरी अभियांत्रिकीला बारावीत तीन विषयांच्या गटात खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. क्लासच्या नादात बोर्डाच्या प्रात्यक्षिकांकडे आणि जर्नलकडे काणाडोळा करणाऱ्यांचं घोडं इथे अडतं. विज्ञानाच्या विषयांत ३० गुण प्रात्यक्षिकांचे असतात.

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, जास्तीत जास्त चुका पसंतिक्रमात होतात. लोक गेल्या वर्षीचा कट-ऑफ बघून 'जे मिळेल' ते वर टाकतात. यंत्रणा वरून खाली वाचत येते आणि तुमच्या गुणांत बसणारं पहिलं कॉलेज देते. अवघड पर्याय वर ठेवल्याने खालच्या पर्यायाची शक्यता जराही कमी होत नाही. मनातलं कॉलेज वर, मग त्याच्या खालचं, असाच क्रम लावायचा. सोपं कॉलेज वर टाकलंत तर ते मिळेल आणि तुम्ही तिथेच अडकाल, कारण पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप गोठते. २०२५-२६ मध्ये अभियांत्रिकीला चार फेऱ्या होत्या: पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही, तिसरीत पहिल्या सहापैकी कोणतीही मिळाली तर ती गोठत होती. असे आकडे वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक पूर्ण वाचा. फॉर्म भरून देणारा माणूस तुमच्यासाठी ते वाचत नाही.

कट-ऑफच्या पीडीएफमधले सांकेतिक शब्द एकदा समजले की यादी घाबरवत नाही. जीओपीईएनएच म्हणजे सर्वसाधारण खुला प्रवर्ग, गृह विद्यापीठ (ज्या विद्यापीठाच्या हद्दीत बारावी केली ते). शेवटी ओ असेल तर गृह विद्यापीठाबाहेरचे, एस असेल तर राज्यस्तर. सुरुवातीला एल असेल तर मुलींच्या जागा. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर त्या मिळू शकतात, पण त्यांचा सांकेतांक वेगळा असतो आणि पसंतीत वेगळा घालावा लागतो. तो न घातल्यामुळे माफी हुकते. मुलीने फक्त जीओपीईएन बघून 'आपल्याला नाही मिळणार' म्हणू नये, एलओपीईएनही बघावं.

यादीत रेल्वेचा विचार करा. विरारला राहणाऱ्याने रोज चर्चगेट गाठणं म्हणजे एका बाजूचा दीड तास, आणि अभियांत्रिकीत सकाळी लेक्चर, दुपारी प्रात्यक्षिक, संध्याकाळी सबमिशन. दोन कॉलेजं जवळपास सारख्या दर्जाची असतील तर एकाच मार्गावरचं, गाडी न बदलता पोचता येणारं वर ठेवा. हार्बरवरून पश्चिमेला रोज जाणं कागदावर सोपं दिसतं. विद्यार्थी सवलतीच्या पासाचा फॉर्म कॉलेज देतं, घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजजवळच्या स्टेशनपर्यंतचा. पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

पैशांचा हिशेब

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गाला व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की हे सगळं संपलं. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, आणि दरवर्षी नव्याने. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर रक्कमही अडकून पडते. शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. मात्र कॉलेजच्या फीचा पहिला हप्ता भरायची मुदत तीन-चार दिवसांची असते आणि कर्ज तेवढ्या वेळात मंजूर होत नाही. पहिली फी हाताशी ठेवाच.

मुंबई विद्यापीठाचं बीए, बीकॉम, बीएस्सी

आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणी, मग प्रत्येक कॉलेजचा स्वतंत्र अर्ज. नुसती विद्यापीठाची नोंदणी करून यादीत नाव शोधणारे दरवर्षी भेटतात. स्वायत्त महाविद्यालयांच्या तारखा वेगळ्या असतात आणि काहींची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, तेव्हा त्यांचं संकेतस्थळ एप्रिलपासूनच बघत राहा. अल्पसंख्याक महाविद्यालयांत निम्म्या जागा त्या समाजासाठी असतात. त्यावर संस्थेतल्याच मुलांना प्राधान्य आणि व्यवस्थापन कोटा. म्हणून यादीत शेवटचा आकडा ९२ दिसला तरी तो कुणाच्या कोट्यातला हे बघितल्याशिवाय घाबरू नका आणि खूशही होऊ नका.

नोकरी करत शिकायचं असेल तर विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण केंद्र आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. पदवीच्या आधी नोकरी हवी असेल तर पोलीस भरतीला बारावी पुरते: मुलांना १६०० मीटर धावणं, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक मिळून मैदानी ५० गुण, लेखी १००. वय १८ पूर्ण हवं, म्हणून बरीच मुलं पहिल्या वर्षात प्रवेश घेऊन पहाटे सराव करतात, आणि तो शहाणपणाचा मार्ग आहे.

निकाल हवा तसा नाही लागला तर

गुण अनपेक्षितपणे कमी वाटले तर आधी त्या विषयाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. २०२५ मध्ये तिला विषयामागे ४०० रुपये पडत होते, गुणपडताळणीला ५० आणि पुनर्मूल्यांकनाला ३००. छायाप्रत न घेता पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही, आणि प्रत मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत तो करावा लागतो. प्रत आली की त्या विषयाच्या शिक्षकांसमोर बसा. बेरीज चुकली आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, पुरवणी जोडली गेली आहे का, हे तीनच प्रश्न. 'अजून दोन गुण द्यायला हवे होते' या भावनेवर ३०० रुपये घालू नयेत.

एक-दोन विषय राहिले असतील तर पुरवणी परीक्षेचा अर्ज निकालानंतर लगेचच कॉलेजमधून भरायचा असतो. दुःख ओसरायची वाट बघत बसलं की ती मुदत निघून जाते. मग विलंब शुल्क, आणि पुढे फेब्रुवारी. उत्तीर्ण झालेल्यांना गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा बसता येतं, आणि तोवरचे जुने गुण हातचे जात नाहीत. पदवीला प्रवेश घेतलेला असतानाही हा प्रयत्न करता येतो, पण मूळ गुणपत्रिका कॉलेजकडे जमा करण्याआधी तिची साक्षांकित प्रत जवळ ठेवा. श्रेणीसुधारचा अर्ज भरताना बैठक क्रमांक तिच्यावरूनच लिहावा लागतो.